‘आमच्या घरी’ नावाचा तास

मूल्यशिक्षणाचा तास कोण घेणार, असं शिक्षकांच्या बैठकीत विचारलं की सगळे एकदम छताकडे बघायला लागतात. या विषयाला मार्क नाहीत, म्हणून पालकांना फिकीर नाही. परीक्षा नाही, म्हणून मुलांना धाक नाही. त्यातून गणित-इंग्रजीवाल्यांचे धडे कायम मागे पडलेले. त्यामुळे हा तास म्हणजे गावाबाहेरचं पडीक रान, ज्याची गुरं मोकळी असतील त्याने सोडावीत. बेलापूरजवळच्या आमच्या शाळेत हे रान अठरा वर्षं माझ्या नावावर होतं. मी इतिहासाची शिक्षिका. इतिहासाच्या बाईंना काम कमी असतं असा मुख्याध्यापक जमातीचा जुना समज आहे, म्हणून मला तो मिळाला. मिळाला म्हणजे गळ्यात पडला. आता निवृत्तीनंतर जुने विद्यार्थी बाजारात भेटतात तेव्हा पानिपताबद्दल कोणी एक अक्षर काढत नाही, या तासाबद्दलच बोलतात. तीस वर्षं शिकवलेल्या लढाया गेल्या कुठे, कोण जाणे.

सुरुवातीला मीही पुस्तिकेतून शिकवायची. एक गोष्ट आणि खाली तात्पर्य. पोरं इतकी तरबेज की गोष्ट सुरू व्हायच्या आधीच तात्पर्य सांगून मोकळी. ‘नेहमी खरे बोलावे’ असं खणखणीत सांगणारा मुलगा जाताना माझ्या टेबलावरचा खडू खिशात घालून जायचा. मग एका शुक्रवारी पाठ आला, सर्व धर्म समान आहेत. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, समान आहेत. मला काय वाटलं कोणास ठाऊक, मी एका मुलीला विचारलं, "तुझ्या शेजारी आयेशा बसते. तिच्या घरी जेवायला बसताना काय म्हणतात?" मुलगी आयेशाच्या तोंडाकडे बघायला लागली. दोघी तीन वर्षं एका बाकावर बसत होत्या, एकमेकींच्या डब्यातलं लोणचं खात होत्या. समान आहे एवढं पाठ होतं, काय समान आहे याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता, हे त्याच वेळी लक्षात आलं.

त्या दिवशी पुस्तिका कपाटात गेली ती गेलीच.

नियम मोजकेच केले. वाक्य ‘आमच्या घरी’ने सुरू करायचं. ‘हिंदू लोक असं करतात, मुसलमान लोक तसं करतात’ हे बंद. लोकांचं लोक बघतील, तू तुझ्या घरचं सांग. दुसऱ्याच्या घराबद्दल सांगायचं नाही, विचारायचं. खरं-खोटं, चूक-बरोबर कोणी ठरवायचं नाही, बाईंनी तर नाहीच नाही. ज्याला सांगायचं नसेल त्याने ‘पुढं’ म्हणायचं, की पाळी पुढच्या बाकाकडे. पण पाळी प्रत्येकाची यायची, बाकामागून बाक.

विषय मुलंच सुचवायची. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि शुक्रवारी एक उचलायची. नवीन घरात राहायला जाताना काय करतात? बाळाचं नाव कोण ठेवतं? भीती वाटली तर कोणाचं नाव घेतात? या शेवटच्या चिठ्ठीला एकाने उत्तर दिलं, "आमच्या घरी पप्पांचं," आणि लगेच खुलासा केला, "न्हाई म्हंजी, भ्या त्यांचंच वाटतं."

बाई स्वतः काय मानतात हे मात्र मी कधी सांगितलं नाही. त्यामुळे मुलांनी माझ्यावर पाळत ठेवली होती. चतुर्थीला माझ्या डब्याभोवती या ना त्या निमित्ताने घिरट्या व्हायच्या. एका चतुर्थीला डब्यात साबुदाण्याची खिचडी, तर पुढच्या चतुर्थीला भाकरी आणि अंड्याची पोळी. पोरं हैराण. शेवटी त्यांनी आपसांत निकाल लावला, "बाई अर्ध्या हायेत." हे वर्णन मी घरी सांगितलं तर माझ्या नवऱ्याला फार पटलं.

या तासाने मला जे शिकवलं ते बी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं. योहान नावाचा एक मुलगा होता. ‘सणाला काय करतात’ या चिठ्ठीला तो म्हणाला, "आमच्या घरी नाताळाला पुरनपोळी." वर्ग ओरडला, "खोटं!" नियम मोडला म्हणून मी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हटलं, विचारा त्याला. पुरण कोण घालतं? आजी. मग केक? "केक इकतचा आनत्यात, पाव्हन्यांसाठी." पुस्तकातला धर्म वेगळा आणि चुलीपुढचा वेगळा, हे त्या पोराने मला एका पोळीत समजावलं.

हंगामात तिसगावच्या बाजूने ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. त्यांची पोरं चार-पाच महिने आमच्याकडे बसायची. ‘देव घरात कुठे ठेवतात’ यावर त्यातली एक लहानखुरी मुलगी उठली आणि म्हणाली, "आमच्या घरी देव हायेत, पर हितं कोपीत न्हाईत. गावाकडं आजीपाशी ठिवलेत. हितं कोयत्याला हळद-कुक्कू लावतो." पाचटाच्या झोपडीला ही मंडळी कोपी म्हणतात. कोणीतरी विचारलं, "मग देव नसल्यावर भ्या न्हाई वाटत?" ती म्हणाली, "वाटतं की. पर देवाला कशाला एवढ्या थंडीत आनायचं?" मी हसले आणि लगेच मला माझ्या हसण्याची लाज वाटली. तिच्या अंगात एकच स्वेटर होता आणि तोही तिच्या भावाचा होता.

तक्रारी आल्या नाहीत असं नाही. एकाच सोमवारी दोन पालक आले. एक चांगले बागायतदार. त्यांचं म्हणणं, "पोरगं घरी यिऊन इचारतंय, आपन ह्ये का करतो? आमी आमच्या बापाला असलं कंदी इचारलं न्हाई." दुसरे बँकेतले तरुण गृहस्थ. त्यांचं म्हणणं, शाळेत देवाधर्माचं नावच नको, विज्ञान शिकवा. मुख्याध्यापकांच्या कपाळावर घाम. मी दोघांना एकाच बाकावर बसवलं, चहा मागवला आणि म्हटलं, तुमच्या दोघांचं आधी ठरू द्या, मग मी तसं शिकवते. दोघं तावातावाने एकमेकांशी बोलायला लागले आणि माझी तक्रार करायचं विसरले. पाऊण तासाने एकाच मोटारसायकलवर बसून गेले, कारण बँकवाल्यांची गाडी पंक्चर होती. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तास चालू ठेवा. फक्त आवाज कमी ठेवा."

इथवर छान छान सांगितलं. आता माझी चूक सांगते.

आमच्या गावात दामूअण्णा म्हणून मोटारी रिवाइंड करणारे गृहस्थ होते. विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की लोक त्यांच्याकडे. अण्णा पक्के नास्तिक. घरात देव्हारा होता, पण तो त्यांच्या बायकोचा, कौसाआजींचा. अण्णा त्याच्या वाटेला जात नसत आणि त्याला नावंही ठेवत नसत. सप्ताहात कधी बसले नाहीत, पण सप्ताहाचा भोंगा बिघडला की पक्कड घेऊन हजर. म्हणायचे, "देवाचं काय आसंल ते आसू द्या, भोंगा खरखरतोय ह्ये मातुर खरंय." त्यांची नात अनुजा सातवीत माझ्या वर्गात होती. तिचे आईवडील चाकणला कंपनीत, म्हणून ती आजी-आजोबांजवळ वाढली. अण्णांच्या दुकानात बसून तांब्याच्या तारा गुंडाळायला तिला फार आवडायचं.

अण्णा गेले ते अचानक. मेल्यावर देह मेडिकल कॉलेजला द्यायचा म्हणून त्यांनी फॉर्म भरून ठेवला होता. त्याप्रमाणे गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. गाव दारात उभं, हातात हार, आणि पुढे काय करायचं ते कोणालाच कळेना. लाकडं सांगायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेतून परत आला. दहावा नाही, तेरावा नाही. बायका कौसाआजींना हळूच विचारत राहिल्या, आता पिंडच नाही तर कावळा शिवणार कुठं? आणि कावळा शिवला नाही तर जीव सुटला कसा म्हणायचा?

महिनाभराने एका शुक्रवारी डब्यातून चिठ्ठी निघाली, ‘माणूस मेल्यावर तुमच्या घरी काय करतात?’ ती परत डब्यात टाकावी असं एकदा मनात आलं. पण चिठ्ठी निघाली की निघाली, असा आमचा शिरस्ता. सुरुवात झाली. गणेश म्हणाला, "आमच्या घरी चुलत्याच्या दहाव्याला कावळा शिवंना. पोरीचं लगीन करू म्हनले, हिरीचं काम पुरं करू म्हनले, तरी न्हाई. मग कोनीतरी तंबाखूची पुडी ठिवली. लगीच आला!" वर्ग खदखदून हसला. एका मुलीने कबरीवर टाकायच्या तीन मुठी मातीबद्दल आणि चाळिसाव्याच्या जेवणाबद्दल सांगितलं. एकाने घरी झालेल्या बौद्ध पुण्यानुमोदनाचं आणि पांढऱ्या कपड्यांचं सांगितलं.

पुढचा बाक अनुजाचा होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पुढचा बाक."

मला वाटलं, पोरीचं दुःख ताजं आहे, शिवाय तिच्याकडे सांगण्यासारखं तरी काय असणार? ना पिंड, ना प्रार्थना. तिला अवघडल्यासारखं होईल. ‘पुढं’ हा शब्द मुलांनी म्हणायचा होता. त्या दिवशी तो बाईंनी म्हटला. अठरा वर्षांत मी बाक गाळला तो तेवढा एकच.

मधल्या सुट्टीत गणेशने तिला विचारलं, "तुज्या आजोबाला कावळा शिवलाच न्हाई? म्हंजी अडकलं की ते!" अनुजाने त्याचा डबा उचलून मैदानात भिरकावला. सोमवारपासून ती शाळेत आली नाही.

बुधवारी कौसाआजी शाळेत आल्या. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"बाई, पोरगी शाळंत यीना. म्हनती, बाईंनी मला वगळलं. आपल्या घरचं सांगन्यासारखं न्हाई म्हनून वगळलं."

"आजी, तसं नव्हतं हो. मला वाटलं तिला त्रास होईल."

"तरास हुईल का न्हाई, ह्ये तिला इचारायचं ना."

माझाच नियम त्यांनी माझ्या पदरात टाकला. चुकलं म्हटलं. मोठ्या माणसांपुढे शिक्षकाच्या तोंडून हा शब्द सहसा निघत नाही, माझ्याही निघायला जरा वेळच लागला.

मग त्या खुर्चीत बसल्या आणि खरं काय ते बोलल्या. "माज्याशीबी बोलत न्हाई ती. ह्ये गेल्यापून माज्यावर नुस्ती नजर ठिवती. काय मनात हाय, कळंना. परवा तुमी तिला बोलू दिलं, तर मी मागं बसू का वर्गात? घरात न्हाई बोलली, तर हितं तरी मला आयकू यील."

मी त्याच संध्याकाळी अनुजाकडे गेले. ती ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, "मी तुला न विचारता गाळलं. शुक्रवारी तुझी पाळी आहे. सांगायचं नसेल तर ‘पुढं’ म्हण, पण ते तू म्हण." ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. शाळेत येशील का, असं मी मुद्दाम विचारलं नाही. दोन रात्री मला धड झोप लागली नाही. एखादं पोर आपल्यामुळे शाळेला पाठमोरं होतंय ही भावना फार वाईट.

शुक्रवारी ती आली. कौसाआजी शेवटच्या बाकावर, पदर नीट घेऊन. मी आधी वर्गाला सांगितलं, "मागच्या वेळी मी नियम मोडला, एक बाक गाळला. आज तिथून सुरू."

अनुजा उभी राहिली. आवाज सुरुवातीला अगदी लहान.

"आमच्या घरी मानूस मेलं की गाडी येती. आजोबा म्हनायचे, मी जल्मभर मोटारी उघडून शिकलो, आता डॉक्टरच्या पोरांनी मला उघडून शिकावं."

गणेशने हात वर केला. याला बोलू द्यावं का असं वाटलं, पण विचारायला बंदी नव्हती.

"म्हंजी तुजे आजोबा आता कॉलेजात हायेत?"

"व्हय."

"कितीक दिस?"

"म्हाईत न्हाई. पोरांचं शिकून हुईस्तवर."

गणेशने हात वरच ठेवला. "मग कावळ्याचं?"

"आजोबा म्हनले हुते, माज्यापायी कावळ्याला ताटकळत ठेवू नका. माजं काय करायचं न्हाई. मी त्यांना कबूल केल्तं." तिने मागे वळून पाहिलं आणि तिचा आवाज फाटला. "पन आमच्या घरी आजी रोज दुपारी भिंतीवर घास ठिवती. मी बघितलंय. मी कबूल केल्तं, आन ती चोरून ठिवती."

सगळ्या माना मागे वळल्या. एका चुकीची भरपाई करायला गेले आणि म्हाताऱ्या बाईला भर वर्गात आरोपी करून बसले असं वाटलं. तास थांबवावा का? घंटा व्हायला अजून वेळ होता.

कौसाआजी बाकाचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. "बाई, मी सांगू का? मी काय तुमच्या वर्गातली न्हाई."

"सांगा ना."

"कसं म्हनायचं असतं आधी?"

अख्खा वर्ग ओरडला, "आमच्या घरी!"

"आमच्या घरी," आजी म्हणाल्या, "दुपारच्याला मी दोन ताटं वाढायची. ह्ये दुकानातनं यायचे, हातपाय धुवायचे, तवर ताट तयार. आता येकच वाढायचं, तर हात थांबत न्हाई. दोन वाढून हुत्यात. मग त्या दुसऱ्या ताटातलं भिंतीवर ठिवते. कावळं खात्यात, चिमन्या खात्यात."

"त्यांचं नाव घिऊन ठिवतीस?" अनुजाने विचारलं. रागातच विचारलं, पण विचारलं.

"न्हाई गं. नाव येकदाबी घेतलं न्हाई. त्यांना आवाडलं नसतं."

अनुजाचा आवाज उतरला. "मग मला का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं कुटं? नुस्ती बघत हुतीस."

मी मोठ्या धिटाईची बाई आहे असं गावात समजतात, पण त्या वेळी मी खिडकीतून बाहेर उसाकडे बघत होते आणि माझे डोळे भरले होते. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या मानण्याचा मान राखा म्हणून शिकवत आले. न मानणाऱ्या माणसाचा मान कसा राखतात, ते देव्हाऱ्यापुढे रोज दिवा लावणाऱ्या त्या आजींनी मला दाखवलं.

अनुजा आपला बाक सोडून मागे गेली आणि आजीला खेटून बसली. आजींनी तिच्या वेणीची सुटलेली रिबन बांधली. मग बसल्या बसल्याच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "पन ह्ये बग, माजं मातुर घाटावरच करा. गुरुजी-बिरुजी, समदं. मला न्हाई फारम-बिरम भरायचा."

वर्ग हसला. अनुजा हसली नाही. ती आजीकडे बघून म्हणाली, "मला त्ये पटत न्हाई. पन तुजं तसंच करीन. पिंडाचा पिठाचा गोळाबी मीच करीन."

आजी म्हणाल्या, "भाताचा असतो, येडे."